कल पाहून घर: नागपूर जिल्ह्यातील वस्त्या आणि त्यांचे राजकारण

राहण्यासाठी गाव किंवा मोहल्ला निवडताना तिथले लोक कोणत्या विचाराचे आहेत हे पाहण्याची रीत नागपूर जिल्ह्यात फार जुनी नाही. जुनी आहे ती नेमकी उलट रीत. माणसाची राहण्याची जागा दुसराच कोणीतरी ठरवून देई आणि त्या जागेवरून पुढे त्याचे राजकारण ठरे. जिल्ह्याच्या उत्तर टोकावर, पेंच नदीच्या काठाने मध्य प्रदेशाला भिडलेल्या पारशिवनी तालुक्यापासून ते नागपूर शहरातल्या महाल आणि इंदोऱ्यापर्यंत वस्त्यांचा इतिहास याच क्रमाने घडला. घर निवडण्याची मोकळीक मिळाली ती बरीच नंतर, आणि तीही सगळ्यांना सारखी मिळाली नाही.

जुन्या मध्य प्रांतात गावाचा कारभार मालगुजाराकडे असे. १८५३ मध्ये नागपूरचे भोसले राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि त्यानंतरच्या जमीनबंदोबस्तात इंग्रजांनी मालगुजारांना गावाचे मालकी हक्क दिले. सारा गोळा करून सरकारात भरणे एवढ्यापुरता हा हक्क नव्हता. गावाची आबादी, म्हणजे घरे बांधण्याची जागा, हीसुद्धा मालगुजाराच्याच अखत्यारीत येई. बाहेरून आलेल्या कुटुंबाला झोपडी कुठे घालू द्यायची, विहिरीपासून किती दूर ठेवायचे, हे वाड्यावर ठरे. मधोमध मालगुजाराचा वाडा, त्याच्या आसपास कुणबी, तेली, माळी यांची घरे, गावाच्या कडेला महारपुरा, आणि रानाच्या अंगाने गोंडांची टोली, अशी मांडणी या भागातल्या गावांत सर्रास दिसे. जंगलालगतच्या भागात गोंडांच्या टोल्या तर मालगुजारीच्याही आधीपासून होत्या. कोणत्या टोकाला घर आहे एवढे सांगितले की माणसाची जात कळे, आणि पुढे मतदानाचा हक्क आला तेव्हा मतही कळू लागले. मालगुजारी १९५० च्या कायद्याने रद्द झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून गावांची मालकी सरकारकडे गेली. वाड्याचा हुकूम संपला. घरांच्या ओळी मात्र जागच्या जागीच राहिल्या.

नागपूर शहरातही वस्त्या आधी कामाने आणि जातीने बसल्या. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने बारा लहान गावे एकत्र करून शहराचा पाया घातला. भोसल्यांच्या काळात राजवाड्याभोवती महाल हा भाग वाढला. तिथे सरदार, कारकून, पुरोहित आणि त्यांच्यावर अवलंबून असलेला वर्ग राहू लागला. पूर्वेकडे इतवारी, गांधीबाग या भागांत कोष्टी विणकर आणि व्यापारी स्थिरावले. उत्तर हिंदुस्थानातून आलेले मुसलमान विणकर मोमिनपुऱ्यात वसले. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. तिच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस चालू लागला त्यांत महार समाजाचे कामगार मोठ्या संख्येने होते. पाचपावली, इंदोरा आणि उत्तर नागपूरच्या इतर वस्त्या त्यांच्यामुळे भरत गेल्या. गावच्या महारपुऱ्यातून निघालेला माणूस शहरात आपल्याच नात्यागोत्यातल्यांच्या शेजारी उतरे. दुसरीकडे त्याला कोणी जागा देत नसे.

या वस्त्यांना राजकीय रंग चढला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात भरले. असहकाराच्या ठरावावर तिथे शिक्कामोर्तब झाले, आणि अधिवेशनाची आठवण काँग्रेसनगर या नावात आजही आहे. पाच वर्षांनी, २७ सप्टेंबर १९२५ रोजी, विजयादशमीच्या दिवशी डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी महालमधल्या आपल्या राहत्या घरी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना केली. सप्टेंबर १९२७ मध्ये महाल भागात हिंदू-मुसलमान दंगल झाली. त्यानंतर संघाचे काम झपाट्याने वाढले आणि महाल म्हणजे संघाचा मोहल्ला ही ओळख पक्की झाली. ज्या वाड्यांत आधी भोसल्यांच्या चाकरीतली माणसे राहत, त्याच गल्ल्यांत शाखा लागू लागल्या. वस्ती तीच होती, विचार मागाहून आला.

उत्तरेकडच्या वस्त्यांतही त्याच सुमारास असेच घडत होते. कन्हान नदीच्या एका तीरावर पारशिवनी तालुक्यातले कन्हान गाव आहे आणि दुसऱ्या अंगाला १८२१ मध्ये वसवलेली कामठीची छावणी. या कामठीत बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे यांनी बिडी कामगारांना संघटित केले, शाळा चालवल्या आणि ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ केले. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून आले. १९३९ मध्ये वयाच्या पस्तिशीतच त्यांचे निधन झाले. कन्हानच्या काठावर त्यांचे स्मारक आहे. एका माणसाने आपल्या वस्तीत सुरू केलेले अभिवादन पुढे देशभर कोट्यवधींच्या तोंडी गेले. जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना, पण जिल्ह्याच्या इतिहासात तिला द्यायला हवी तेवढी जागा अजून दिली जात नाही. जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना नागपुरातच झाली. तोवर इंदोरा, पाचपावली आणि कामठीतल्या वस्त्या या आंबेडकरी चळवळीच्या वस्त्या झालेल्या होत्या.

विचार पाहून मुद्दाम जागा निवडल्याचे या भागातले पहिले ठळक उदाहरण शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आहे. मार्च १९३० मध्ये दांडीला निघताना स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतणार नाही, असा निश्चय गांधीजींनी केला होता. नवी जागा हवी होती. जमनालाल बजाज वर्ध्याचे. त्यांची संपत्ती, त्यांचे मोठे वजन आणि त्यांनी जमवलेले कार्यकर्ते तिथे होते. विनोबा भावे १९२१ पासूनच वर्ध्यात आश्रम चालवत होते. गांधीजी आधी वर्ध्यात मगनवाडीत राहिले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी शेगाव या खेड्यात राहायला गेले. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागला म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. मीराबेन, आर्यनायकम दाम्पत्य, कुमारप्पा बंधू अशी दूरदूरची माणसे केवळ गांधीजींच्या विचारासाठी या उष्ण, हिवतापाने ग्रासलेल्या मुलखात येऊन राहिली. नोकरी, नाते किंवा जात यांतले कोणतेही कारण त्यांच्या येण्यामागे नव्हते. विचारासाठी घर निवडणे म्हणजे काय, याचे यापेक्षा निखळ उदाहरण महाराष्ट्रात सापडणे कठीण. पण ज्यांना अशी निवड करता आली ती मोजकी माणसे होती, आणि गावातल्या मूळ रहिवाशांना असा पर्याय कधीच नव्हता, हेही तितकेच खरे.

१९५६ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. १४ ऑक्टोबरला डॉ. आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्य पुनर्रचना अंमलात आली. जुन्या मध्य प्रदेशातले मराठी भाषक आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, उरलेला प्रदेश नव्या मध्य प्रदेशात गेला, राजधानी भोपाळला हलली आणि नागपूरचे राजधानीपण संपले. पारशिवनीच्या उत्तरेला छिंदवाडा आणि शिवनी हे जिल्हे पूर्वी एकाच प्रांतात होते. आता ती राज्याची सीमा झाली. सौंसर, पांढुर्णा या भागांत मराठी बोलणारी कुटुंबे सीमेपलीकडे राहिली. सरकारी नोकरवर्गाची दोन राज्यांत वाटणी झाली आणि सिव्हिल लाइन्समधल्या कितीतरी बंगल्यांना कुलपे लागली. कोणत्या राज्यात राहायचे हा प्रश्न या मुलखातल्या हजारो कुटुंबांपुढे राजकारणाने थेट उभा केला. भाषा आणि नोकरी जिथे एकमेकींविरुद्ध गेल्या, तिथे बहुतेकांनी नोकरी धरली.

त्या मानाने दीक्षेचा परिणाम हळूहळू झाला, पण तो खोलवर गेला. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २८ लाख बौद्ध नोंदले गेले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्षाची स्थापनाही नागपुरातच झाली. खेड्यातल्या महारपुऱ्यांची नावे बदलून भीमनगर झाली, विहारे उभी राहिली, निळ्या झेंड्याची आणि पंचशील ध्वजाची जागा ठरली. आरक्षणामुळे रेल्वे, टपाल, बँका आणि आयुधनिर्माणीत नोकऱ्या मिळालेली पिढी साठ-सत्तरच्या दशकांत घर बांधण्याच्या तयारीत आली. इथे पहिल्यांदा खरी निवड शक्य झाली. धरमपेठेत किंवा रामदासपेठेत प्लॉट घेण्याइतके पैसे काहींच्या हाती होते. तरीही पुष्कळांनी उत्तर नागपुरातच, इंदोऱ्याच्या आसपास लेआऊटमध्ये जागा घेतल्या. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने अस्तित्वात आली होती. तिच्या आणि गृहनिर्माण संस्थांच्या लेआऊटांतून शहर चहूकडे पसरत होते, त्यामुळे प्लॉट मिळत नव्हते असे नाही. शेजारी ‘जय भीम’ म्हणणारा असावा, मुलांना विहारात पाठवता यावे, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत दार उघडे ठेवता यावे, आणि घरमालकाने आडनाव विचारून पाठ फिरवू नये, ही त्यामागची कारणे होती. या निवडीला कोंडवाडा म्हणणे अन्यायाचे आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जागा नेमून दिली गेली त्यांनी पहिल्यांदा स्वतः जागा निवडली, आणि ती आपल्या माणसांत निवडली. त्याच परिसरात फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी जरीपटका वसवला. एका रस्त्याच्या अंतरावर दोन वेगळ्या इतिहासांची माणसे शेजारी झाली.

भाड्याच्या खोलीचा व्यवहार वेगळा. नागपुरात किंवा पुण्या-मुंबईत घरमालक भाडेकरूला त्याचा पक्ष विचारत नाही. तो आडनाव विचारतो, गाव विचारतो, खाणेपिणे विचारतो. विदर्भात आडनावावरून जातीचा अंदाज चटकन बांधता येतो, आणि जातीवरून पक्षाचा. भाडेकरूही तसेच पाहतो: दारावर कोणाची तसबीर आहे, गच्चीवर कोणत्या रंगाचा झेंडा आहे, गल्लीच्या तोंडाशी कोणत्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक लागला आहे. पारशिवनी, रामटेक, सावनेर या तालुक्यांतून शिक्षणासाठी नागपुरात येणारा मुलगा बहुधा आपल्या गावच्या किंवा नात्यातल्या कुणाच्या ओळखीने खोली शोधतो. ओळखीच्या त्या धाग्याने तो त्या वस्तीच्या राजकारणातही आपसूक ओढला जातो. सहकारी गृहनिर्माण संस्थांना सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवता येईल का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता. २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरोआस्ट्रियन संस्थेच्या खटल्यात न्यायालयाने अशा मर्यादेला मान्यता दिली. समाजानुसार वेगळ्या वस्त्या करण्याला त्या निकालाने कायद्याचा आधार मिळाला.

भीतीने केलेली निवड मात्र निवड म्हणावी का, हा प्रश्नच आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. अनेक कुटुंबांनी गाव कायमचे सोडले आणि शहरातल्या आंबेडकरी वस्त्यांत आसरा घेतला. ऑगस्टमध्ये नागपुरात नामांतराच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. इंदोऱ्यातले नामांतर शहीद स्मारक त्याची साक्ष आहे. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला तोही याच वस्त्यांच्या बळावर. मुंबईत १९९२-९३ च्या दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मेली. त्यानंतर मिश्र वस्तीत राहणाऱ्या असंख्य मुसलमान कुटुंबांनी घरे विकून मुंब्र्याची वाट धरली. त्याआधी गिरणगावात लाल बावट्याच्या चाळी होत्या. जून १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक जिंकले, आणि त्याच चाळींचा रंग पालटू लागला. तिथे रहिवासी हलले नाहीत. वस्तीच त्यांच्या पायाखालून बदलली.

वस्तीची ओळख आणि तिचे मतदान यांचे नाते मात्र वाटते तितके सरळ नसते. संघाचे मुख्यालय असलेल्या नागपूरच्या लोकसभा मतदारसंघातून दीर्घकाळ काँग्रेसच निवडून येत राहिली. १९७७ च्या जनता लाटेतही इथे काँग्रेसच जिंकली. अपवाद म्हणून १९६२ मध्ये स्वतंत्र विदर्भाच्या प्रश्नावर लोकनायक बापूजी अणे अपक्ष म्हणून आले, १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे आले, आणि भाजपला इथे पहिला विजय १९९६ मध्ये बनवारीलाल पुरोहित यांच्या रूपाने मिळाला. २०१४ पासून नितीन गडकरी निवडून येत आहेत. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत १५१ पैकी १०८ जागा भाजपने जिंकल्या. तरी बहुजन समाज पक्षाला १० जागा मिळाल्या, आणि त्या पक्षाची ताकद मुख्यतः उत्तर नागपुरातली. शहर एकीकडे झुकले तरी वस्ती आपला कल सोडत नाही, हे या आकड्यांवरून दिसते.

अमेरिकेत याच विषयाची चर्चा बिल बिशप यांच्या २००८ मधील ‘द बिग सॉर्ट’ या पुस्तकामुळे सुरू झाली. १९७६ मध्ये एकतर्फी निकाल लागणाऱ्या काउंटींत सुमारे पाव मतदार राहत. २००४ मध्ये हे प्रमाण जवळपास निम्म्यावर गेले, असे त्यांनी दाखवले. तिथे घर बदलणे सोपे आहे, लोक वारंवार घर बदलतात आणि आवडीनिवडी जुळणारा परिसर शोधतात. नागपूर जिल्ह्यात वडिलोपार्जित घर, शेत आणि जातीचे नाते माणसाला जागेवर धरून ठेवतात. त्यामुळे तिथला निष्कर्ष इथे जसाच्या तसा लागू करणे चूक ठरते.

पारशिवनी तालुक्यात हे नीट पाहता येते. कोळसा उद्योगाचे राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये पूर्ण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी आली, आणि कन्हान, गोंडेगाव या पट्ट्यात खाणकामगारांची क्वार्टर वाढली. क्वार्टर मिळते ती कंपनीच्या यादीप्रमाणे. शेजारी बिहारचा असो, आंध्रचा असो की भंडाऱ्याचा, तो आपण निवडत नाही. म्हणून तिथे ओळख वस्तीवरून होत नाही, युनियनवरून होते: इंटक, आयटक की भारतीय मजदूर संघ. उत्तरेला पेंचच्या जंगलालगतची गोंड गावे आणि धरणाने उठवलेली कुटुंबे. त्यांची जागा सरकारी नकाशाने ठरवली. एकाच तालुक्यात जागा मिळण्याच्या इतक्या वेगवेगळ्या वाटा आहेत, आणि त्यांतल्या फार थोड्या माणसाच्या स्वतःच्या हातातल्या आहेत.

कल पाहून जागा निवडण्याचे काम सर्वांत मोकळेपणाने पुढाऱ्यांनीच केले. १९८४ मध्ये पी. व्ही. नरसिंह राव यांनी आंध्रातल्या हनमकोंड्याबरोबर रामटेकमधूनही उमेदवारी भरली. पारशिवनी याच मतदारसंघात येते. हनमकोंड्यात ते भाजपच्या उमेदवाराकडून हरले आणि काँग्रेसचा बालेकिल्ला असलेल्या रामटेकने त्यांना लोकसभेत पाठवले; १९८९ मध्येही ते इथूनच निवडून आले.

एखाद्या वस्तीचा कल काय, हे आता अंदाजाने ओळखण्याची गरज राहिलेली नाही. मतपत्रिकेच्या काळात निवडणूक नियमांत मोजणीपूर्वी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची तरतूद होती. एखाद्या गावाने कुणाला मत दिले हे कळू नये आणि त्या गावावर कोणी सूड उगवू नये, एवढाच तिचा हेतू. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर मतदान यंत्रे आली. यंत्राची मोजणी केंद्रनिहाय होते, निकालही केंद्रनिहाय प्रसिद्ध होतो. पाच-सातशे मतांच्या केंद्रावरून भीमनगर कुठे गेले, गोंडटोली कुठे गेली, क्वार्टर कुठे गेली, हे उमेदवाराला दुसऱ्या दिवशी नाव घेऊन सांगता येते. नळाची पाइपलाइन, रस्ता, घरकुलाची यादी ठरताना हा कागद समोर असतो. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणाऱ्या ‘टोटलायझर’ यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये मांडला. विधी आयोगानेही २०१५ च्या २५५ व्या अहवालात तशी शिफारस केली.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. पाट्या बदलल्या तर पत्ता सांगताना जात सांगावी लागणार नाही. मत सांगावे लागू नये यासाठी मात्र टोटलायझरच हवा, आणि तो अजून लागू झालेला नाही.